फ्रेस्नो गल्लीचा बांध

२ ऑगस्ट, शुक्रवार

संडासातून आलं. रस्त्यावरून नाही, दारातून नाही – आधी संडासातून! दुपारभर पाऊस कोसळत होता. नवऱ्याची, एवोदियोची औषधाची पिशवी लावून मी खोलीबाहेर आले तर न्हाणीघरात गुडगुड ऐकू आली. बघते तर भांडं काठोकाठ, आणि जे कधीच खाली गेलं होतं ते सगळं वर येतंय. आमच्या एकट्यांचं नव्हे, अख्ख्या वस्तीचं! झाकण लावलं, झाकणावर सिमेंटची गोणी ठेवली. गोणी कलंडली.

मग अंगणातल्या गटाराचं झाकण उडालं. मग दाराखालून. आमच्या सेद्रो गल्लीत दर पावसाळ्यात पाणी भरतं, घोट्यापर्यंत, पण ते पाणी असतं. हे काळं, दाट, वर तेलाचा तवंग. वास तर असा की घशात जाऊन बसतो.

पांढऱ्या खोलीच्या उंबऱ्यावरून काळी रेघ आत सरकली आणि मी नुसती बघत उभी राहिले. तीन वर्षं ती खोली मी रोज क्लोरीननं पुसते. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. पाद्रीबाबालासुद्धा दारातूनच आशीर्वाद द्यायला लावला. एवोदियोची मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोटात नळी बसवलीय, पिशवीतलं औषधपाणी दिवसातून चारदा आत सोडायचं, चारदा बाहेर काढायचं, सगळं घरीच. पण एक जंतू आत गेला तर माणूस हातचा जाईल. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षं श्रीमंतांचे संडास घासलेत मी. माझ्या घरात यायची जंतूची छाती नाही.

"फिने, कसला आवाज गं?" एवोदियो खुर्चीतून विचारतोय. त्याची पिशवी अजून निम्मी होती.

"काही नाही. पाय वर घे."

आणि मी बादलीत ओकले. तीन वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदा.

शेजारचा वेल्डर तिबुर्सियो दोन्ही जावयांना घेऊन आला. त्यांनी एवोदियोला वर नेलं, औषधाची खोकी वर नेली. तळातली खोकी भिजली होती. तिबुर्सियो म्हणतो, "देल्फिना, आतल्या पिशव्या बंद आहेत की! पुसून घे." पुसून घे म्हणे! त्या पाण्यात भिजलेलं मी नवऱ्याच्या पोटात घालू? भिजलेली सगळी फेकून दिली. नवीन खोकी पुढच्या शुक्रवारी येणारच आहेत.

३ ऑगस्ट, शनिवार

गच्चीवर. पत्र्याची खोपटी रिकामी केली. नाताळचे दिवे, मोडकी सायकल, आमच्या मुलाचे, रुबेनचे शाळेतले बूट. भिंतींना आतून प्लास्टिक, दाराला न्हाणीघराचा पडदा, जमिनीवर क्लोरीन.

"म्हातारे, जंतूंचं माहीत नाही, पण मी नक्की मरेन या वासानं," एवोदियो.

"त्या वासापेक्षा बरा."

"हो, ते आहे."

दुसरा मजला चढवू म्हणून खांबांचे गज वीस वर्षं तसेच वर काढून ठेवलेत. आम्हीच नाही, सगळ्या गल्लीनं. मुलगा सीमेपलीकडे कारखान्यात कोंबड्या सोलतो, तो पाठवेल आणि मजला चढेल! आज त्या गजाला पिशवी टांगली. मजला नाही तर नाही, एवढा तरी उपयोग झाला.

वीज तोडलीय. पिशवी उन्हात काळ्या फडक्याखाली ठेवून कोमट करते. ऊन नसलं तर माझ्या काखेत.

बाजूच्या गच्चीवर दोन्या केता, आमची केताबाई, कोंबड्या घेऊन बसलीय. ऐंशीची बाई, पण जीभ धारदार. "इथं पूर्वी तळंच होतं, पोरी. तळं आपल्या घरी परत आलं. उपरे आपण."

"तळ्यात बदकं असतात, दोन्या," मी म्हटलं. "यात लंगोट आहेत."

तिनं वाकून पाहिलं. "खरंच की. आणि कोणाची तरी कवळी."

४ ऑगस्ट, रविवार

उंदीर पोहतात हे मला माहीत नव्हतं. छान पोहतात. नाक वर काढून, साहेबासारखे.

५ ऑगस्ट, सोमवार

नगरपालिकेचा माणूस आला. फुगवायच्या बोटीतून, कोरे करकरीत पिवळे गमबूट घालून. बुटांना पाण्याचा थेंब नव्हता. सोबत फोटो काढणारी पोरगी. तो प्रत्येक घरापाशी बोट थांबवायचा, गच्चीकडे हात हलवायचा, पोरगी फोटो काढायची, बोट पुढे. गटाराचा मोठा नळ कुठंतरी खचलाय म्हणे. दोन दिवसांत पाणी उतरेल. काळजी नसावी.

प्रत्येकाला एक पिशवी वर फेकली. टूना माशाचा डबा, क्लोरीनची बाटली आणि एक झाडू. झाडू! मांडीभर पाण्यात बुडालेल्या घराला झाडू!

नाकाला रुमाल लावून बोलत होता. मी वरून ओरडले, "काढा की रुमाल! वास फुकट आहे!" गल्लीभर हशा पिकला. त्याच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. टूनाचा डबा उघडला तर तोसुद्धा वास मारतो. का माझ्या नाकातच आता तेवढा एक वास उरलाय, कोण जाणे. भाकरी तोंडात घातली तरी तोच.

६ ऑगस्ट, मंगळवार

लोक कामाला जातात. न जाऊन सांगतील कोणाला! पहाटे सगळ्या जिन्यांवरून माणसं उतरतात. पायांना मांडीपर्यंत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. बूट गळ्यात, डबा डोक्यावर. तिबुर्सियोनं गल्लीभर दोर बांधलाय, त्याला धरून फ्रेस्नो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं पिशव्या फाडायच्या, बादलीत पाय धुवायचे, बूट घालून हमरस्त्याला बस पकडायची. आमच्या वस्तीतून बाहेर पडायची तेवढी एकच वाट, फ्रेस्नोतून.

तिबुर्सियोची मधली मुलगी मोठ्या दुकानात अत्तराच्या टेबलावर उभी असते. आज दुपारीच परत आली. बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "सेद्रोवाल्यांनी मागं बसा, खिडक्या उघडा." दुकानात मालकिणीनं मानेपाशी नाक नेऊन हुंगलं, आणि पाणी उतरेपर्यंत येऊ नकोस म्हणाली. पोरगी तीनदा अंघोळ करून गेली होती! जिन्याच्या पायरीवर बसून रडली. पायरी ओली होती, तीसुद्धा तसलीच.

मला त्या मालकिणीची किळस आली. पाण्यापेक्षा जास्त.

७ ऑगस्ट, बुधवार

फ्रेस्नोवाल्यांनी बांध घातला!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन घरांच्या मधे, वाळूची पोती आणि माती रचून पार खांद्याइतका. फ्रेस्नो गल्ली आमच्याहून दोन पायऱ्या खाली. पाणी हळूहळू तिकडे पसरून हमरस्त्याच्या गटारात जात होतं, ते बंद. आता आम्ही टबात बसल्यासारखे. सकाळपासून वीतभर चढलं.

आणि बांधावर कोण उभं असावं? काठ्या घेतलेल्या पुरुषांमधे, माझाच जुना रेनकोट घालून, हातात झाडूचा दांडा – आम्पारो! माझी कोमाद्रे! रुबेनचा बाप्तिस्मा झाला तेव्हा जिनं त्याला हातात धरलं ती, त्याची धर्माची आई. जिच्या लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाचा गुलाबी झगा मी घेतला ती. तिचं घर अगदी कोपऱ्यावर, बांधाला लागूनच.

मी खाली उतरले. पहिल्यांदाच. कमरेच्या वर पाणी, पायाखाली काय काय मऊ लागत होतं ते लिहिणार नाही. दोराला धरून बांधापाशी गेले.

"आम्पारो! पाण्याला वाट दे गं!"

"कोमाद्रे, माझं घर तुझ्याहून खाली आहे. इकडे सोडलं तर माझ्या पलंगावर येईल. काय करू मी, सांग ना?"

"एवोदियोच्या पोटात नळी आहे!"

"ठाऊक आहे की! घेऊन ये त्याला माझ्याकडे. हे लोक उचलून घेतील. समोरची खोली देते तुम्हाला."

समोरची खोली! जिथं सहा मांजरं लोळतात! गादीवर केस, पडद्यावर केस, परवा तिच्या सूपमधे केस निघाला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या उकिरड्यात माझा नवरा नेऊन ठेवू? त्यापेक्षा तो उंदरांबरोबर बरा." आणखीही बोलले. तिची मान खाली गेली. मागून एक दाढीवाला ओरडला, "जा गं बाई घरी, वास येतोय!"

याच बाईच्या हातचे तमालेस, मक्याच्या पानात उकडलेले, खाल्लेत त्यानं, दर नाताळला. शी!

घरी येऊन तासभर अंग घासलं. मग फोन चालू केला आणि आम्पारोचा नंबर ब्लॉक करून टाकला. फोन नको, निरोप नको. तिचं तोंड नको.

८ ऑगस्ट, गुरुवार

पायाच्या बोटांत पांढरं झालंय, खाजतं. गल्लीत सगळ्यांना. दोन्या केता व्हिनेगर लावते, कोंबड्यांच्या पायांनाही लावते.

आज घाणीचं एक नवंच रूप. पाण्यावर हिरवट साय धरलीय आणि सायीखाली बुडबुडे फुटतात. एक मेलेला कुत्रा आमच्या खिडकीच्या गजांना येऊन लागलाय, फुगलेला. काठीनं ढकलला की पुढे जातो, संध्याकाळी परत. कोणाचा होता तेही कळत नाही आता. एवोदियो म्हणाला, "नाव ठेव त्याला काहीतरी. पाहुणा आहे." मी हसले आणि त्याला पुन्हा काठीनं ढकललं.

एवोदियोच्या पोटातलं पाणी काढल्यावर ती भरलेली पिशवी कुठं ओतायची? संडास नाही. मी गच्चीवरून रस्त्यात ओतते. मी! बघणाऱ्यानं काय म्हणावं? आधी छापील कागदावर धरून बघते. पिशवीतून अक्षरं स्वच्छ वाचता आली म्हणजे पोट ठीक. अजून वाचता येतात.

पण पिशव्या संपत आल्या. चारऐवजी तीन लावते. त्याचे घोटे सुजले. त्याला वाटतं मला दिसत नाही. उद्या औषधाची गाडी.

९ ऑगस्ट, शुक्रवार

गाडी आली नाही.

दिवसभर कठड्यापाशी उभी होते. फोन चालू ठेवला होता, दुपारी तोही मेला. रस्ता दिसतो तिथपर्यंत काळं पाणी, दोर, आणि बांधावर पाठ करून बसलेले ते.

१० ऑगस्ट, शनिवार

चोर! सगळे चोर!

तिबुर्सियोच्या ट्रकच्या बॅटरीवर फोन चार्ज केला आणि औषधवाल्यांना लावला. कितीतरी वेळ ते गाणं वाजलं. मग एक पोरगी. "बाई, तुमचा माल काल पोचलाय."

"कुठं पोचलाय?"

"पोचलाय, बाई. सही आहे इथं."

सही! मी इथं गच्चीवर मरतेय आणि सही आहे! ती पुढं काहीतरी सांगत होती, एक मिनिट बाई, मी नाव वाचते... मी म्हटलं, वाच तुझ्या आईला! विकली असतील माझी खोकी, गाडीवाल्यानं आणि तू मिळून! आजारी माणसाच्या पोटावर जगता! आणि फोन ठेवला. या देशात पूर आला की पहिल्यांदा चोर वर येतात, मग बाकीची घाण.

दुपारी अग्निशमनवाल्यांची बोट आली. तिबुर्सियोनं हाका मारून आणली. एवोदियोला इस्पितळात पोचवा म्हणून. तो भिंतीबाहेरच्या लोखंडी जिन्यावरून दोन पायऱ्या उतरलासुद्धा. मी बोटीत पाहिलं. तळाला वीतभर तेच पाणी, त्यात माणसं बसलेली, एक बाळ त्यातच पाय आपटत होतं.

"काका, पोटाला प्लास्टिक गुंडाळा आणि या," बोटवाला म्हणाला. "बांधापाशी उतरायचं, मग आम्ही वरून ओढून घेऊ."

सुजलेले पाय, पोटात नळी, आणि ओढून घेऊ! पोत्यावर पोट घासत! मी त्याचा सदरा धरून त्याला वर ओढलं.

"फिने, जाऊ दे ना मला," तो म्हणाला.

"कोरडा रस्ता होईल तेव्हा जाशील."

बोट गेली. तो खोपटीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी बाहेर बसून हिशेब केला, मंगळवारपर्यंत पिशव्या आहेत. त्यानंतर त्याचं शरीर स्वतःच्याच घाणीनं भरणार. डॉक्टरीणबाईंनी अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. बाहेर घाण, आत घाण, मधे तेवढं एक कातडं.

मी देवाला शिवी दिली. दिली तर दिली.

११ ऑगस्ट, रविवार

बांध फुटला.

फोडला. आम्ही फोडला. इथं तरी खरं लिहायला काय हरकत आहे?

सकाळी तिबुर्सियोच्या गच्चीवर सगळे जमलो. अर्धे म्हणत होते थांबू, आज ना उद्या पंप येईल. तिबुर्सियोची बायको म्हणाली, "फ्रेस्नोत पण लेकरं आहेत." दोन्या केता म्हणाली, "पाणी सगळ्यांचं, मग वाटून घ्यायला काय झालं?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे? एवोदियोमुळे. माझा माणूस मरायला टेकलाय हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही. मी म्हटलं, "मला रस्ता हवा. मंगळवारच्या आत. त्यांच्याकडे गुडघाभर येईल, आमचं गुडघ्यावर उतरेल. गुडघ्यानं कोणी मरत नाही."

तिबुर्सियोनं पहार काढली.

दुपारी असा पाऊस लागला की समोरची भिंत दिसेना. बांधावरचे राखणदार पळाले आडोशाला. आम्ही सहाजण दोर धरून गेलो. पावसात कोण कोणाला ओळखणार, सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या पिशव्या. पोती पाण्यानं दगड झालेली. तिबुर्सियोनं दोनदा घाव घातला, काही होईना. तो धापा टाकायला लागला. मी त्याच्या हातातून पहार घेतली.

खालच्या रांगेत दोन पोत्यांच्या फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. काय काय वजन टाकलं मी! पिवळे बूट टाकले, ती अत्तराची मालकीण टाकली, सहीवाली पोरगी टाकली. रेनकोट घालून दांडा धरून उभी राहिलेली माझी कोमाद्रे टाकली. एक पोतं सरकलं. मग दुसरं. मग आवाज झाला – ट्रकमधून खडी उलटतात तसा – आणि सगळं एकदम गेलं. तिबुर्सियोनं मला कंबरेला धरलं नसतं तर मीही गेले असते.

ते तिकडे जाताना मी पाहिलं. काळी भिंत उभीच्या उभी फ्रेस्नोत शिरली. कोणीतरी किंचाळलं. गुडघाभर नव्हतं ते.

छान वाटलं. खरं तेच लिहिते. तेवढा वेळ छान वाटलं.

एवोदियो खोपटीत झोपला होता, पिशवी चालू होती. उठला तेव्हा विचारलं, "काय झालं गं? लोक ओरडत होते."

"फ्रेस्नोवाल्यांचा बांध गेला. पावसानं."

"अरेरे," म्हणाला. "आम्पारोचं घर अगदी कोपऱ्यावर आहे."

१२ ऑगस्ट, सोमवार

गल्लीत घोट्यापर्यंत! घरात चिखल. काळा, चकचकीत, लोण्यासारखा. भिंतींवर छातीच्या उंचीला रेघ उमटलीय. पाहुणा कुत्रा आमच्या स्वयंपाकघरात सापडला, ओट्याखाली. तिबुर्सियोच्या जावयांनी फावड्यानं नेला.

आज सगळे माझ्याशी गोड बोलतात. तिबुर्सियोच्या बायकोनं पातेलंभर कोंबडीचा रस्सा दिला. दोन्या केतानं माझे हात धरून ओठांना लावले. मला हात मागे घ्यावेसे वाटले. तिचे हात घाण म्हणून नव्हे.

एवोदियोला खुर्चीत घालून बाहेर न्यायचं ठरलं होतं. कोपऱ्यापर्यंत जावई बघून आले. म्हणाले, आज नाही. फ्रेस्नोत कमरेवर आहे, आणि तिथून सगळं हमरस्त्यावर उतरलंय, बस बंद, रुग्णवाहिका बंद. बाहेर जायची तेवढी एकच वाट होती आपली. हे काल गच्चीवर जमलेल्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

उद्या उतरेल. उतरलंच पाहिजे. आज दोनच पिशव्या लावल्या. फ्रेस्नोकडून दिवसभर भांडी आपटल्याचे आवाज येतात. त्या बाजूच्या कठड्याकडे मी गेले नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आम्पारो आली. जिना चढून, छातीपर्यंत काळी, कपाळाला खोक पडलेली. डोक्यावर प्लास्टिकात बांधलेलं एक खोकं. आमच्या औषधाचं.

"एवढंच टेबलावर राहिलं गं, कोमाद्रे. बाकीची सगळी वाहून गेली, दारासकट. शुक्रवारी गाडीवाला आमच्या कोपऱ्यापर्यंतच आला, म्हणून मीच सही करून उतरवून घेतली. बांध ओला होता, पोरं म्हणाली ऊन पडलं की सोमवारी डोक्यावरून नेऊन देतो. फोनवर दोनदा निरोप पाठवला तुला. मिळाला नाही का? मांजरं बहिणीकडे पाठवून दिली होती. समोरची खोली मी पांढरी रंगवली होती, म्हटलं तुझा राग गेला की तयार असावी." मग तिला रडू फुटलं. "ज्यांनी बांध फोडला ना, त्यांचे हात झडोत!"

एवोदियोनं उठून तिला आपली खुर्ची दिली. म्हणाला, "आमेन."

त्याच्या पिशवीची वेळ झाली होती. मी हात धुवायला गेले.